नागवर आणि फुलणारे झाड : विवाहविषयक लोककथांतील प्रतीके व बोध

राजपुत्राच्या पराक्रमाच्या कथा बहुधा विवाहापाशी येऊन थांबतात. नायक राक्षसाचा वध करतो, अवघड कोडे सोडवितो, राजकन्या मिळवितो आणि कथा सुफळ होते. भारतातील स्त्रियांनी स्त्रियांना सांगितलेल्या कथांची रीत पुष्कळदा याहून वेगळी असते. तेथे विवाह कथेच्या आरंभी किंवा मध्यावर येतो आणि खरे संकट त्यानंतर उभे राहते. वऱ्हाडी परततात, परके दार लागते आणि नव्या घरातील मुलीची कसोटी सुरू होते. कवी आणि कन्नड लोककथांचे संग्राहक ए. के. रामानुजन (1929-1993) यांनी नायिकाप्रधान कथांचे हे वेगळेपण आपल्या लेखनातून वारंवार दाखवून दिले. या कथांकडे केवळ बालरंजन म्हणून पाहणे त्यानंतर कठीण झाले.

या कथांनी उपवर मुलींना नेमके काय शिकविले, या प्रश्नाचे रूढ उत्तर सोशीकपणा असे आहे. सासरी सहन करावे, पतीला देव मानावे, दैवावर विश्वास ठेवावा म्हणजे अखेरीस सर्व गोड होते, असा बोध बहुतेक कथांच्या शेवटी सापडतो हे खरे. परंतु कथेचा शेवट आणि कथेतील प्रतीके नेहमी एकच गोष्ट सांगतात असे नाही. साप, सापाची कात, झाड, पाण्याची घागर या प्रतिमांतून जे सांगितले जाते ते उघड उपदेशापेक्षा अधिक सावध आणि अधिक धीट असते. एकच कथाबीज ग्रंथात आणि स्त्रियांच्या तोंडी कसे बदलते हे पाहिले, म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. त्यासाठी नागवराच्या कथेइतके सोयीचे दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल.

सापाशी लग्न झालेल्या मुलीची कथा ग्रंथरूपात पंचतंत्राच्या परंपरेत आढळते. जैन मुनी पूर्णभद्राने 1199 मध्ये सिद्ध केलेल्या पाठात ती आली आहे. देवशर्मा नावाच्या ब्राह्मणाच्या पत्नीच्या पोटी साप जन्मतो. आई त्याला मायेने वाढविते आणि योग्य वेळी त्याच्या लग्नाचा हट्ट धरते. बाप दुसऱ्या गावच्या मित्राकडून त्याची कन्या मागून आणतो. वर कोण आहे हे कळल्यावर सोबतची माणसे भयभीत होतात आणि मुलीला परत फिरण्याचा सल्ला देतात. ती नकार देते. कन्यादान एकदाच होते आणि दैव टळत नाही, असे तिचे म्हणणे असते. ती सापाची सेवा करते. पुढे एका रात्री साप आपले शरीर टाकून पुरुषरूपात तिच्यापुढे येतो. सकाळी त्याचा बाप ते टाकलेले शरीर जाळतो आणि मुलगा कायमचा माणूस होतो.

या पाठात मुलीचा विवेक तिच्या बोलण्यात आहे. तिला शब्दांची उणीव नाही. मात्र ते शब्द शास्त्राचे आहेत. शब्द पाळण्याची जबाबदारी तिच्याकडे आणि बदल घडविणारी कृती सासऱ्याकडे, अशी येथे वाटणी झालेली आहे. आग पुरुषाच्या हातात आहे. हे एक तपशील ध्यानात ठेवून मौखिक परंपरेकडे वळावयास हवे.

स्त्रियांच्या तोंडच्या कथा छापील पानावर येऊ लागल्या त्या प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची कन्या मेरी फ्रियर हिने 1868 मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध केला. 1865-66 च्या सुमारास दक्षिणेच्या दौऱ्यात ॲना लिबराता डिसोझा या आयेकडून तिने या कथा ऐकल्या होत्या. ॲनाचे पूर्वज लिंगायत होते. पुढे कुटुंब ख्रिस्ती झाले आणि त्याचे नाते गोव्याशी जुळले. कथा तिला आजीकडून मिळाल्या होत्या. संग्रहाच्या आरंभी ॲनाची स्वतःची जीवनकहाणीही दिलेली आहे. सांगणाऱ्या स्त्रीला नाव आणि चरित्र मिळाले, ही त्या काळातील दुर्मीळ गोष्ट होय. एरवी संग्राहकाचे नाव मुखपृष्ठावर आणि कथा सांगणारी ‘एक वृद्ध स्त्री’, असाच प्रघात होता.

ॲनाच्या कथांपैकी ‘मच्छी-लाल’ ही नागवराच्या कथेची जवळची बहीण आहे. राणीने लाडाने वाढविलेल्या माशाला बायको हवी असते. ज्या घरी सावत्र आई आहे त्या घरची मुलगी त्याच्यासाठी दिली जाते. माशाच्या तोंडी जाण्यापूर्वी मुलगी नदीकाठी रडत बसते. तेथे बिळात राहणारा सात फण्यांचा नाग तिची विचारपूस करतो, तीन खडे देतो आणि मासा अंगावर येईल तेव्हा ते कसे वापरावे ते सांगतो. मुलगी सांगितल्याप्रमाणे करते आणि माशाचा राजपुत्र होतो. पंचतंत्रातील मुलीला दैवाचा आधार होता. या मुलीला आधार मिळतो तो नेमक्या माहितीचा. काय होईल, ते केव्हा होईल आणि तेव्हा हाताने काय करावे, हे तिला आधी कळते. विवाहाविषयी ज्या समाजात वडीलधाऱ्या स्त्रिया मुलीशी उघड बोलत नसत, तेथे तीन खड्यांची ही गोष्ट आजीने नातीला सांगावी, याला अर्थ आहे.

याच कथाबीजाचे सर्वांत भेदक रूप आसामात सापडते. लक्ष्मीनाथ बेजबरुआ यांनी 1911 मध्ये ‘बुढ़ी आईर साधु’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या नावाचा अर्थच ‘आजीच्या गोष्टी’ असा आहे. त्यातील चंपावती ही नावडतीची मुलगी. ती शेतात भाताची राखण करताना पाखरांना हाकारते, तेव्हा रानातून उत्तर येते की भातही खाईन आणि चंपावतीला वरीन. बोलणारा अजगर निघतो. बाप तिचे लग्न त्याच्याशी लावून देतो. मुलगी मेली असेल या अपेक्षेने सकाळी आवडती दार उघडावयास जाते, तो चंपावती सोन्याच्या दागिन्यांनी मढलेली आढळते. मत्सराने पेटलेली आवडती आपल्या मुलीसाठीही रानातून अजगर धरून आणविते.

त्या रात्रीचा प्रसंग भारतीय लोककथांतील अत्यंत भयानक प्रसंगांपैकी एक आहे. बंद खोलीतून मुलगी आईला हाक मारून सांगते की पायांना काहीतरी होते आहे. दाराबाहेरची आई तिला समजाविते की जावई पैंजण घालतो आहे. मुलगी मग त्याहून वरच्या अवयवाचे नाव घेते आणि आई त्या अवयवाच्या दागिन्याचे नाव घेते. अशा तऱ्हेने गिळले जाणे वर चढत जाते आणि अलंकारांची यादी त्याच्याबरोबर वाढत जाते. अखेरीस आवाज बंद होतो. सकाळी खोलीत फक्त सुस्तावलेला अजगर असतो.

लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या प्रकाराला 433 सी असा क्रमांक असून नागवर आणि मत्सरी मुलगी अशी त्याची ओळख दिली जाते. परंतु या नावामुळे कथेचा रोख चुकतो. अजगराच्या तोंडी गेलेल्या मुलीने काही मागितलेले नव्हते. लोभ आईचा होता. कथेतील अपराध ऐकण्याचा आहे. मुलगी स्पष्ट शब्दांत सांगते आणि आई तिचे प्रत्येक वाक्य दागिन्यात रूपांतरित करते. ही कथा उपवर मुलींना सांगितली जात असेल, तशीच ती तेथे बसलेल्या त्यांच्या आयांनाही सांगितली जात होती. बोध ऐकणाऱ्या दोघींसाठी होता आणि आईच्या वाट्याचा बोध अधिक कठोर होता.

या प्रसंगाला इतिहासाची पार्श्वभूमी आहे. कथांची संकलने सिद्ध होत होती त्याच दशकांत मुलीच्या संमतीचा प्रश्न देशाच्या न्यायालयांत उभा राहिला. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईने सासरी नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा तिच्या पतीने 1884 मध्ये मुंबईत दावा लावला. 1887 मध्ये न्यायालयाने तिला पतीकडे जावे अथवा सहा महिन्यांचा कारावास पत्करावा, असे फर्माविले. प्रकरण 1888 मध्ये तडजोडीने मिटले. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी या सुमारे अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. पतीच्या शरीरसंबंधामुळे तिचा अंत झाला होता. पुढील वर्षी, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली. त्या कायद्यावरून महाराष्ट्रात आणि बंगालमध्ये झालेल्या वादात धर्मशास्त्राचे दाखले दोन्ही पक्षांनी दिले. आजीच्या गोष्टींचा दाखला कोणी दिला नाही. बंद दारामागून येणाऱ्या मुलीच्या हाका त्या गोष्टींत आधीपासून नोंदलेल्या होत्या.

अजगराची कथा त्या खटल्यावरून रचली गेली असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही. लहान वयातील विवाह ही ज्या समाजाची सार्वत्रिक रीत होती, त्या समाजातील स्त्रियांना पहिल्या रात्रीचे भय ठाऊक होते. ते भय सरळ बोलून दाखविण्याची सोय नव्हती. अजगराच्या आवरणाखाली ते बोलता येत होते.

चंपावतीच्या कथेचा उरलेला भागही पंचतंत्राशी ताडून पाहण्याजोगा आहे. पती रात्री कात टाकून बाहेर जातो, हे एक वृद्ध भिकारीण चंपावतीला सांगते आणि ती कात जाळण्याचा उपाय सुचविते. चंपावती स्वतः कात जाळते आणि पती माणूस होतो. ग्रंथातील पाठात सासऱ्याच्या हाती असलेली आग येथे पत्नीच्या हाती आली आहे. तिला वाट दाखविणारीही एक स्त्रीच आहे, आणि तीही घरादाराबाहेरची. विवाह म्हणजे मिळाले ते निमूट स्वीकारणे, हा पहिल्या पाठाचा आशय होता. जे मिळाले त्याचे खरे रूप ओळखावे आणि भय निर्माण करणारे आवरण धैर्याने नाहीसे करावे, हा दुसऱ्याचा.

साप हे अपरिचित पुरुषाचे प्रतीक, तर झाड हे मुलीच्या स्वतःच्या शरीराचे आणि सर्जनशक्तीचे प्रतीक. रामानुजन यांनी कर्नाटकात ऐकलेली ‘फुलणारे झाड’ ही कथा त्यांच्या मृत्यूनंतर 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहाची शीर्षककथा ठरली. कष्टकरी आईची धाकटी मुलगी घराला हातभार लावण्यासाठी झाड होते. त्यासाठी दोन घागरी पाणी लागते. पाण्याला नखाचा स्पर्श होता कामा नये. एक घागर अंगावर ओतली की मुलीचे झाड होते. थोरलीने फुले अलगद वेचावीत, फांदी मोडू नये, पान तोडू नये. मग दुसरी घागर ओतावी म्हणजे झाडाची पुन्हा मुलगी होते. फुले विकून घर चालते.

राजपुत्र हे लपून पाहतो आणि तिच्याशी विवाह करतो. विवाहानंतर तो तिच्याशी बोलत नाही. बोलतो तेव्हा झाड होण्याची आज्ञा करतो. तिचे गुपित आधी पतीच्या शय्येसाठी आणि मग नणंदेच्या करमणुकीसाठी वापरले जाते. नणंद मैत्रिणींसह तिला बागेत नेते. मुली फांद्या ओरबाडतात, दुसरी घागर कशीतरी ओततात आणि पळून जातात. झाडाची पुन्हा मुलगी होते ती हातपाय नसलेली, धड ना झाड ना माणूस अशी. पुष्कळ दिवसांनी, दुःखाने भणंग झालेला पती तिला थोरल्या नणंदेच्या घरी ओळखतो. मग तिच्या सांगण्यावरून तो तिला पुन्हा झाड करतो, मोडलेल्या फांद्या जागच्या जागी बसवितो आणि जपून पाणी घालून तिला पूर्ण रूपात आणतो.

या कथेतील सूचना वाचताना एक गोष्ट लक्षात येते. झाड होणाऱ्या मुलीला कथा कोणताही उपदेश करीत नाही. सर्व नियम पाणी ओतणाऱ्यांसाठी आणि फुले वेचणाऱ्यांसाठी आहेत. माहेरी बहिणीने जे नियम पाळले ते सासरी कोणी पाळत नाही, एवढाच माहेर आणि सासर यांतील फरक कथा दाखविते. मुलीचे देणे तिच्या इच्छेने आणि तिच्या अटींवर झाले तर घर फुलते. ते हिसकावून घेतले तर देणारीच अपंग होते. पतीला क्षमा मिळते, पण फांदी फांदी बसविण्याचे काम केल्यानंतर. उपवर मुलीने यातून घ्यावयाचा धडा असा की आपल्या अटी आधी सांगाव्यात आणि त्या मोडल्या जात असताना गप्प राहू नये. कथेतील मुलगी पहिल्या आग्रहाला नमते आणि तेथूनच हानीला आरंभ होतो.

मराठी व्रतकथांत हीच प्रतीके निराळ्या नात्याने येतात. सी. ए. किंकेड यांनी 1914 मध्ये ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने इंग्रजीत आणलेल्या श्रावणातील कहाण्या घरोघरी मोठ्याने वाचल्या जात असत आणि अनेक घरांत अजूनही वाचल्या जातात. नागपंचमीच्या कहाणीत धाकट्या सुनेला माहेरचे कोणी नसते. इतर जावा माहेरी गेल्यावर ती मनोमन नागोबाची वाट पाहते. शेषनाग मामा होऊन येतो आणि तिला आपल्या घरी नेतो. तिच्या हातून दिवा पडून नागाच्या पिल्लांच्या शेपट्या भाजतात. मोठी झाल्यावर ती सूड घ्यावयास येतात, पण ती आपल्या नागभावांसाठी प्रार्थना करताना दिसते आणि त्यांचा राग मावळतो.

आसामी कथेत नाग हा पती होता, येथे तो माहेर झाला आहे. बदल लहान वाटला तरी त्यामागचा अनुभव एकच आहे. परक्या घरात गेलेल्या मुलीला पाठबळ हवे. ते जिवंत माणसांत नसेल तर कथा ते वारुळातून उभे करते. या कहाण्या माहेराविषयीही भाबड्या नाहीत. शुक्रवारच्या कहाणीत गरीब बहीण श्रीमंत भावाच्या भोजनाला जाते आणि पंक्तीत अपमानित होते. दैव पालटल्यावर तोच भाऊ तिला सन्मानाने बोलावितो, तेव्हा ती पानातील एकेक पदार्थ आपल्या दागिन्यांवर ठेवते, कारण निमंत्रण त्यांनाच होते. व्रताच्या चौकटीत देवीची भक्ती आहे. चौकटीच्या आत रक्ताच्या नात्यातील पैशाचा व्यवहार बहिणीने भावाला तोंडावर दाखवून दिलेला आहे.

या कथांचा गौरव करताना त्यांची मर्यादा झाकता येणार नाही. दोष बहुधा सावत्र आई, सवत, नणंद किंवा जाऊ यांच्या माथी मारला जातो. मुलगी अजगराला देणारा बाप चंपावतीच्या कथेत जवळजवळ निर्दोष राहतो. पुरुषाचा अपराध शापाच्या किंवा कातीच्या नावाखाली सौम्य होतो. ज्या स्त्रियांनी या कथा सांगितल्या त्या त्याच घरांत राहात होत्या आणि तेथील सत्तेचे भान त्यांना होते. त्यामुळे कथेचा शेवट घराच्या मर्यादेत राहतो. मध्यावर मात्र घराविषयी जे बोलावयाचे ते बोलून झालेले असते. आधुनिक लेखकांनी पुढे तो शेवटही तपासला. गिरीश कर्नाड यांनी रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या कथांवरून ‘नागमंडल’ (1988) हे कन्नड नाटक लिहिले. त्यात पतीने कोंडून ठेवलेल्या राणीकडे पतीचेच रूप घेऊन नाग येतो आणि तिला प्रेमाची ओळख त्याच्याकडून होते. लोककथेत पतीच्या आत नाग लपला होता. कर्नाडांच्या नाटकात नागाच्या आत पती कसा असावयास हवा होता हे दिसते.

‘नागमंडल’च्या चौकटीत रात्री गावातील दिव्यांच्या ज्योती एकत्र जमून बोलतात. ही कल्पनाही रामानुजन यांनी नोंदविलेल्या एका कन्नड कथेतील आहे. एका गृहिणीला एक गोष्ट आणि एक गाणे येत असते, पण ती ती कोणाला सांगत नाही. आत कोंडलेली गोष्ट आणि गाणे ती झोपली असता तिच्या तोंडातून निसटतात. गोष्टीचे जोडे होतात आणि गाण्याचा पुरुषी अंगरखा होतो. घरी आलेला नवरा ते पाहून पत्नीवर संशय घेतो, भांडतो आणि मारुतीच्या देवळात जाऊन निजतो. तेथे जमलेल्या ज्योतींच्या बोलण्यातून त्याला खरे कळते. संशय फिटतो. घरी परतून तो पत्नीला तिच्या गोष्टीविषयी आणि गाण्याविषयी विचारतो. तोवर ती दोन्ही विसरलेली असते.

विवाहकथांच्या साऱ्या परंपरेने तरुण मुलींना दिलेला इशारा या छोट्या कथेत आहे. जे ठाऊक आहे ते सांगितले पाहिजे आणि वेळेवर सांगितले पाहिजे. दाबून ठेवलेल्या शब्दांचे परके जोडे होऊन दाराशी उभे राहतात. चंपावतीच्या सावत्र बहिणीने सांगितले, पण तिच्या आईने ऐकले नाही. या गृहिणीला ऐकणारा मिळाला तेव्हा सांगण्यासारखे काही उरले नव्हते. ॲना डिसोझाच्या आजीने नातीला गोष्टी सांगितल्या, नातीने त्या पुढे सांगितल्या, म्हणून माशाला भ्यालेल्या मुलीचे तीन खडे आजच्या वाचकापर्यंत पोहोचू शकले.